लाखोळी, स्वीटपी आणि महाधमनीची लवचिकता

धान कापून नेले तरी पवनीकडच्या बांध्या रिकाम्या दिसत नाहीत. धान उभे असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर, शेतकरी त्यात लाखोळीचे दाणे फेकून देतो. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. धान कापले जाते आणि खालून लाखोळी वर येते. या पद्धतीला उतेरा म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, डाळीचे बेसन होते आणि उरलेले भूस गुरांना जाते. कोणी तिला लाखोरी म्हणते, कोणी नुसते लाख. हिंदीत ती खेसारी किंवा तिवडा. वनस्पतिशास्त्रातले नाव लॅथिरस सटायव्हस.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पवनीला शिक्षकांच्या एका बैठकीसाठी गेलो होतो. वैनगंगेच्या काठचे हे गाव फार जुने आहे. १९६९-७० च्या उत्खननात येथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. माझा विषय होता ‘रक्ताभिसरण कसे शिकवावे’. रबरी नळ्या, ड्रॉपर, बादली असे सामान बरोबर होते. प्रयोग झाले, चहा आला, आणि मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी विचारले, “सर, लाखोळीनं पाय जातेत म्हणते. आमच्या बापजाद्यांनी तर हेच खाल्लं. आन् आता कोणी म्हणते का लाखोळी हार्टले चांगली हाय. खरं काय मानाचं?”

प्रश्न पायांचा होता आणि हृदयाचाही. मी रक्तवाहिन्यांवर बोलायला गेलो होतो, त्यामुळे त्यांना तो विषयांतर वाटत होता. प्रत्यक्षात तो तसा नव्हता. महाधमनीची भिंत कशामुळे लवचिक राहते, हे विसाव्या शतकात समजले ते बऱ्याच अंशी लाखोळीच्या एका भावंडामुळे. आणि लाखोळीबद्दलचा आपला अर्धा गोंधळही त्या भावंडामुळेच झालेला आहे.

आधी पायांचे पाहू. १८२९ ते १८३१ अशी सलग तीन वर्षे सागर भागातील (आजच्या मध्य प्रदेशातील) काही गावांत गहू हातचा गेला. एका वर्षी गारपीट, दुसऱ्या वर्षी अपुरा पाऊस, तिसऱ्या वर्षी तांबेरा. या साऱ्यात टिकून राहिली ती गव्हात आपोआप उगवणारी तिवडा. लोकांनी तीच खाऊन दिवस काढले. १८३३ पासून तरुण माणसांचे पाय कमरेखाली ताठर होऊन निकामी होऊ लागले. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला माहीत असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने ही हकीकत आपल्या १८४४ च्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. असे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळात तेथील गरिबांनी हेच धान्य खाल्ले. चित्रकार गोया याच्या एका मुद्राचित्रात त्या धान्याची लापशी खाणारी माणसे दिसतात. १८७३ मध्ये नेपल्सच्या कान्तानी या वैद्याने या रोगाला लॅथिरिझम असे नाव दिले.

या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. दुसरे काहीच उरलेले नसताना महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून हे धान्य पोटात गेले. भातासोबत वाटीभर वरण म्हणून खाणे निराळे आणि दोन्ही वेळा लाखोळीचीच भाकर खाणे निराळे. मध्य भारतात काही ठिकाणी तर सालदारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई. त्यांच्यापुढे निवड नव्हती.

आता लाखोळीचे भावंड. बागेत थंडीत फुलणारी स्वीटपी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सुवासिक, रंगीबेरंगी, वेलीसारखी. तिचे नाव लॅथिरस ओडोरॅटस, म्हणजे लाखोळीच्याच कुळातली. जीवशास्त्राच्या शिक्षकांना ती आणखी एका कारणाने ओळखीची असेल: जनुकांची सहलग्नता बेटसन आणि पनेट यांना १९०५ च्या सुमारास दिसली ती याच फुलात.

लॅथिरिझमचा अभ्यास प्रयोगशाळेत करायचा तर प्राण्याला तो रोग झाला पाहिजे. लाखोळी खाऊन उंदरांचे पाय काही लुळे पडेनात. १९३३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात गायगर, स्टीनबॉक आणि पार्सन्स यांनी उंदरांना स्वीटपीचे बी खाऊ घातले. उंदीर आजारी पडले, पण त्यांची हाडे वाकडी झाली. माणसात दिसणाऱ्या रोगाशी याचे फारसे साम्य नव्हते. तरीही त्यालाही लॅथिरिझमच म्हटले गेले. एकाच कुळातली वनस्पती, म्हणून एकच रोग! शास्त्रज्ञही नावांना असे फसतात. पुढे ‘चेतासंस्थेचा लॅथिरिझम’ आणि ‘अस्थि-लॅथिरिझम’ अशी दोन नावे करावी लागली, पण तोवर बरीच वर्षे गेली.

त्यानंतरची महत्त्वाची गोष्ट १९५२ ची. इग्नासियो पोन्सेती हा मूळचा स्पेनचा. तेथील यादवी युद्धात त्याने जखमींवर उपचार केले, पराभवानंतर देश सोडला आणि मेक्सिकोमार्गे तो अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोचला. (जन्मतः वाकड्या पावलांवर शस्त्रक्रियेऐवजी प्लास्टर घालून उपचार करण्याची जी पद्धत आज भारतातही वापरतात, ती याच पोन्सेतीची.) त्याला पाठीचा कणा का वाकतो हे शोधायचे होते, म्हणून त्याने आणि बेअर्ड याने उंदरांना स्वीटपीचे बी खाऊ घातले. कणे अपेक्षेप्रमाणे वाकले. पण त्याचबरोबर काही उंदरांची महाधमनी फुगून तिच्या भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले होते. ज्या भिंतीने आयुष्यभर हृदयाचा मारा सोसायचा, ती काही आठवड्यांच्या आहाराने फाटत होती.

येथे जरा थांबून त्या भिंतीकडे पाहू, कारण पवनीच्या बैठकीत आम्ही नळ्यांचा जो प्रयोग केला तो याचसाठी होता. हृदय रक्त धक्क्याधक्क्याने ढकलते, पण केशवाहिन्यांत ते जवळपास सलग वाहते. हे कसे होते? इंग्लंडच्या स्टीफन हेल्सने १७३३ मध्येच याचे उत्तर दिले होते. जुन्या आगीच्या बंबात हवेची एक कोठी असे. दट्ट्या दाबला की पाणी त्या कोठीतली हवा दाबे आणि दट्ट्या मागे येत असताना तीच हवा पाण्याला पुढे रेटत राही. त्यामुळे बाहेर पडणारी धार तुटत नसे. महाधमनी ही आपल्या शरीरातली तशी कोठी आहे. वर्गात हे दाखवायला एक मऊ रबरी नळी आणि तेवढ्याच लांबीची टणक प्लास्टिकची नळी घ्या. दोन्हींच्या तोंडाशी ड्रॉपरची निमुळती काचनळी बसवा आणि दोन्हींत सारख्याच हिसक्यांनी पाणी सोडा. टणक नळीतून पिचकाऱ्या उडतात, रबरी नळीतून धार लागते. फ्रान्सच्या मॅरेने एकोणिसाव्या शतकात हाच प्रयोग नीट मोजमाप करून केला होता.

धमनी ताठर झाली की दोन गोष्टी होतात. प्रत्येक ठोक्याला दाब अधिक उसळतो, आणि नाडीची लहर वेगाने पळते. तरुण माणसाच्या महाधमनीत ही लहर सेकंदाला सुमारे ५ ते ६ मीटर वेगाने जाते. म्हातारपणी तो वेग १० मीटर किंवा त्याहून अधिक होतो. तो मोजला की भिंत किती ताठर झाली हे कळते. मनगटावर लागणारी नाडी म्हणजे रक्त तेथे पोचले असे मुले समजतात. खरे तर रक्त मागून सावकाश येत असते, आधी पोचते ती लहर. हा मुद्दा वर्गात जरूर घ्यावा.

भिंतीत दोन प्रकारचे मुख्य धागे असतात. इलॅस्टिन रबरासारखे ताणून परत येते. कोलॅजन दोरखंडासारखे, फार ताणले जात नाही. १९५७ मध्ये कॅनडात मार्गो रोच आणि ॲलन बर्टन यांनी धमनीच्या तुकड्यांतून आळीपाळीने एकेक धागा विरघळवून दाखवले की थोड्या ताणात काम करते ते इलॅस्टिन आणि जास्त ताणात भार घेते ते कोलॅजन. दिवसाला सुमारे १ लाख ठोके धरले तर सत्तर वर्षांत महाधमनी २५० कोटींहून अधिक वेळा ताणली जाते. आणि हे इलॅस्टिन बहुतेक सारे गर्भावस्थेत व लहानपणी तयार होते. मोठेपणी नवे जवळजवळ बनत नाही. जन्मतः मिळालेला हा संच जन्मभर पुरवायचा.

तर स्वीटपी या धाग्यांचे काय करत होती? १९५४ मध्ये तिच्या बियांतील दोषी रेणू ओळखला गेला. त्याचा क्रियाशील भाग म्हणजे बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राईल. थोडक्यात बीएपीएन म्हणू. १९५९ मध्ये लेव्हेन आणि ग्रॉस यांनी ते कोंबडीच्या गर्भांना दिले, तेव्हा त्यांचे कोलॅजन थंड मिठाच्या पाण्यात सहज विरघळू लागले. चांगले कोलॅजन असे विरघळत नाही. म्हणजे धागे बनत होते, पण एकमेकांना बांधले जात नव्हते. सुतळीचे पेड आहेत, पीळ नाही, अशी स्थिती. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी इलॅस्टिनमधली गाठच शोधली. लायसिन या अमिनो आम्लाचे चार रेणू एकत्र येऊन ती बनते. तिला त्यांनी डेस्मोसिन म्हटले.

मग ही गाठ मारतो कोण? याचे उत्तर अगदी वेगळ्या दिशेने आले, गोठ्यातून आणि खुराड्यातून. १९६१-६२ मध्ये अमेरिकेत मिसूरीत ओडेल यांनी कोंबडीच्या पिल्लांवर आणि युटात कार्न्स व सहकाऱ्यांनी डुकरांवर काम करताना पाहिले की आहारात तांबे नसेल तर प्राण्यांची महाधमनी फाटते. स्वीटपी नाही, विष नाही, फक्त एका मूलद्रव्याचा अभाव, आणि परिणाम तोच! १९६८ मध्ये पिनेल आणि मार्टिन यांना हाडांच्या अर्कात तो कारागीर सापडला: लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर. ते तांब्याशिवाय चालत नाही आणि बीएपीएन नेमके त्यालाच अडवते. स्वीटपीचे बी आणि तांब्याची उणीव एकाच ठिकाणी घाव घालत होती.

माणसातला पुरावा १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात मिळाला. काही बाळांना जन्मतः एक रोग असतो. केस ताठ व पीळदार, धमन्या नागमोडी, आयुष्य अल्प. १९६२ मध्ये वर्णन करणाऱ्या वैद्यावरून त्याला मेन्केस रोग म्हणतात. मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांना ते केस पाहून तांबे कमी असलेल्या जमिनीवर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर आठवली. त्यांनी तपासले आणि अंदाज खरा निघाला: या बाळांचे शरीर अन्नातले तांबे शोषून घेऊ शकत नव्हते. मला शास्त्राच्या इतिहासातली ही हकीकत फार आवडते. मेंढपाळाची नजर दवाखान्यात उपयोगी पडली.

यावरून कोणी तांब्याच्या लोट्यातले पाणी धमन्यांना हितकारक ठरवू नये. डाळी, तीळ, शेंगदाणे, धान्ये यांतून प्रौढांना लागणारे तांबे बहुधा मिळून जाते. त्याची उणीव आपल्यात विरळच. तसेच कोलॅजन बनताना क जीवनसत्त्व लागते हे आपण स्कर्व्हीच्या धड्यात शिकवतोच. मात्र गर्भात वाढणाऱ्या बाळाच्या पोषणाचे तसे नाही. १९९७ मध्ये मार्टिन आणि ग्रीनवाल्ड यांनी असे मांडले की गर्भाची वाढ खुंटली तर मोठ्या धमन्यांत इलॅस्टिन कमी तयार होते आणि पुढच्या उच्च रक्तदाबाचे बीज तेथेच पेरले जाते. ही अजून उपपत्तीच आहे, पण ती खरी असेल तर उपाशी आईच्या पोटातले मूल पन्नाशीत त्याची किंमत मोजते. दुष्काळांचा इतिहास आपण मृतांच्या आकड्यांवर थांबवतो. बहुधा तो तेथे संपत नाही.

उलट बाजूही आहे. गाठी कमी पडल्या तर भिंत फाटते, पण नको तेथे गाठी पडल्या तर ती ताठर होते. रक्तातली साखर विकराच्या मदतीशिवायच प्रथिनांना चिकटून कोलॅजनच्या धाग्यांना जखडते. मधुमेहात धमन्या लवकर म्हाताऱ्या होतात, याचे हे एक कारण. आणि मीठ! १९८० च्या दशकात आव्होलिओ व सहकाऱ्यांनी चीनमध्ये बीजिंगजवळची, खूप मीठ खाणारी शहरी वस्ती आणि ग्वांगझोजवळची, कमी मीठ खाणारी ग्रामीण वस्ती यांची तुलना केली. वय वाढेल तशी नाडीची लहर दोन्हीकडे वेगवान होत होती, पण बीजिंगकडे बरीच अधिक. नंतर ऑस्ट्रेलियात कमी मीठ खाणाऱ्या, रक्तदाब सामान्य असलेल्या लोकांतही धमन्या अधिक लवचिक आढळल्या. पवनीच्या जेवणात धमन्यांच्या दृष्टीने मला सर्वांत काळजीची वाटते ती लाखोळी नव्हे; लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ.

परत लाखोळीकडे. तिच्या दाण्यात बीएपीएन नसते, ते स्वीटपीचे. लाखोळीतला विषारी घटक कोणता हे आपल्याच देशात उलगडले. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, अडिगा आणि शर्मा यांनी तो वेगळा केला. त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनीही तो ओळखला. त्याचे संक्षिप्त नाव ओडॅप. तो चेतापेशींना इजा करतो, महाधमनीला नाही. तो पाण्यात विरघळतो, हे विशेष महत्त्वाचे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी १९६६ मध्ये घरगुती पद्धती सुचवल्या: डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचे. बराचसा ओडॅप पाण्यासोबत जातो. अर्थात ब गटाची काही जीवनसत्त्वेही जातात. फुकट काही मिळत नाही.

दरम्यान १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसारीच्या विक्रीवर निर्बंध आला. पेरण्यावर नव्हे, विकण्यावर. म्हणजे शेतकऱ्याने पिकवावे, स्वतः खावे, पण उघड बाजारात नेऊ नये. परिणाम काय व्हायचा तो झाला: लाखोळी पडेल भावाने जाऊ लागली आणि तूर व हरभऱ्याच्या डाळीत, बेसनात मिसळून शहरात पोचू लागली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे उपोषणे केली, न्यायालयात झगडले. महाराष्ट्राने चालू शतकाच्या पहिल्या दशकात राज्यातली बंदी उठवली. देशपातळीवरच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र निर्बंध राहिला. शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण तयार केले. राष्ट्रीय पोषण संस्थेने गोंदिया जिल्ह्यातील गावांत पाहणी करून २०१४ मध्ये जे प्रसिद्ध केले त्याचा आशय असा की लाखोळी अजून खाल्ली जाते, पण लॅथिरिझम जवळपास इतिहासजमा झाला आहे. माझ्या मते याचे श्रेय बंदीला कमी आणि घरात तांदूळ-गहू पोचण्याला अधिक आहे.

आणि ‘हार्टले चांगली’ हे कोठून आले? बंगलोरच्याच राव यांनी १९६३ मध्ये लाखोळीतून होमोआर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल वेगळे केले होते. इंग्लंडमध्ये बेल यांनाही ते मिळाले होते. चाळीसेक वर्षे त्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड वायू सोडून भिंत सैल करते, हा शोध लागला (१९९८ चे नोबेल त्याला मिळाले), आणि हा वायू आर्जिनिनपासून व थोड्या प्रमाणात होमोआर्जिनिनपासूनही बनतो हे कळले. २०१० मध्ये युरोपातील हृदयरोग्यांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले की रक्तात होमोआर्जिनिन कमी असणारे रुग्ण अधिक संख्येने दगावतात. तेव्हापासून लाखोळीची नवी कीर्ती सुरू झाली.

गुरुजींना मी सांगितले ते असे. आपले शरीर होमोआर्जिनिन स्वतःही बनवते, मूत्रपिंडातही बनवते. ज्याचे मूत्रपिंड खालावले त्याच्या रक्तात ते कमी दिसेलच. मग कमी होमोआर्जिनिन हे आजाराचे कारण की आजाराची खूण? नुसत्या पाहणीवरून हे ठरत नाही. कोंबडा आरवतो म्हणून सूर्य उगवत नाही. डाळ म्हणून लाखोळी स्वस्त आहे, प्रथिने भरपूर आहेत, गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी आहेत, ती भात देतो. भातासोबत, उकळलेले पाणी फेकून, अधूनमधून वरण खायला मला हरकत दिसत नाही. औषध म्हणून मुठी-मुठी खाऊ नये. काल विष आणि आज अमृत, यांतले काहीच तिने मागितलेले नाही.

“म्हंजे आमची माय पानी फेकत होती ते बरोबरच होतं,” गुरुजी म्हणाले.

निघताना शाळेच्या फाटकाशी वाफ्यात स्वीटपीचे वेल होते. फुले सरत आली होती, वाटाण्यासारख्या शेंगा धरल्या होत्या, आणि पहिलीतली दोन पोरे त्या सोलत बसली होती. मुख्याध्यापिका धावल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाफ्यावर पाटी लागल्याचे त्यांनी मला पत्राने कळवले. वनस्पतीचे नाव, कूळ, आणि खाली लाल अक्षरांत: बी खाऊ नये.